‘क्रॅम’ या इंग्रजी क्रियापदाचे किती अर्थ? मराठीत कधी ‘कोंबणे’, कधी ‘ठासणे’, तर कधी ‘रात्रभर जागणे’

गोंदियाहून कोल्हापूरला निघालेल्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचा जनरल डबा, धानाच्या पोत्यांनी भरलेलं गोदाम, पेपरच्या आदल्या रात्रीचा अभ्यास आणि एका घासात तोंडात टाकलेला अख्खा समोसा. या चारही गोष्टींसाठी इंग्रजीत एकच क्रियापद चालतं, ‘क्रॅम’.

डिक्शनरीत या शब्दापुढे बहुतेक वेळा ‘कोंबणे’ किंवा ‘ठासून भरणे’ असं लिहिलेलं असतं. ते चुकीचं नाही, पण पुरेसं नाही. कारण अभ्यास कोणी कोंबत नाही आणि मीटिंग कोणी ठासत नाही. मग हा शब्द नेमका कुठे, कसा वापरायचा? समजून घेऊ.

मूळ अर्थ काय?

‘क्रॅम’ हा इंग्रजीतला जुना शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत तो ‘क्रॅमियन’ असा होता आणि अर्थ होता एका वस्तूत दुसरी वस्तू दाबून भरणे. कोंबड्या आणि बदकं लवकर पुष्ट व्हावीत म्हणून त्यांना बळजबरीने चारणं, यासाठीही तो वापरला जायचा.

आजच्या बहुतेक वापरांत तीन गोष्टी दिसतात. जागा कमी असते, भरायचं जास्त असतं आणि त्यासाठी जोर लावावा लागतो.

गोंदिया धानाचा जिल्हा आहे, म्हणून पोत्याचंच उदाहरण घ्या. पोत्यात धान ओतलं, तोंड शिवलं, तर ते नुसतं भरणं झालं. त्यासाठी इंग्रजीत ‘फिल’. पण बारदाना कमी पडला, उरलेलं धानही त्याच पोत्यात हवं आणि गुडघ्याने दाबल्याशिवाय तोंड शिवता येत नाही, अशी वेळ आली की ते ‘क्रॅम’.

वाक्यात कसा वापरायचा?

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पेपरात गाळलेल्या जागा भरताना अर्थापेक्षा पुढचा छोटा शब्द जास्त अडवतो. म्हणून या पाच रचना लक्षात ठेवा.

१. क्रॅम + वस्तू + इन्टू. ‘शी क्रॅम्ड ऑल हर क्लोद्ज इन्टू वन बॅग’, म्हणजे तिने सगळे कपडे एकाच बॅगेत कोंबले.

२. क्रॅम्ड विथ. गोदाम धानाच्या पोत्यांनी खच्चून भरलंय, असं सांगायचं तर गोदाम ‘क्रॅम्ड विथ सॅक्स’ असतं. इथे ‘बाय’ किंवा ‘ऑफ’ वापरू नका.

३. माणसं + क्रॅम + इन्टू. ‘वी क्रॅम्ड इन्टू द जीप.’ आम्ही सगळे जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. इथे कोणी कोणाला कोंबलेलं नाही, माणसं आपणहून शिरली आहेत.

४. क्रॅम + काम + इन्टू + वेळ. एका दिवसात तहसील कार्यालय, बँक आणि दवाखाना अशी तिन्ही कामं केली, तर ती कामं एका दिवसात ‘क्रॅम’ केली. मराठीत आपण ‘उरकली’ म्हणतो. फरक असा की ‘उरकणे’मध्ये काम संपल्याचा भाव असतो, ‘क्रॅम’मध्ये वेळ अपुरा असल्याचा.

५. क्रॅम फॉर. ‘ही इज क्रॅमिंग फॉर द एक्झाम’, म्हणजे परीक्षा तोंडावर आल्यावर तो धडाधड अभ्यास करतोय.

खाण्याच्या बाबतीत पहिलीच रचना चालते. घाईघाईने तोंडात घास कोंबणं, तोबरा भरणं यासाठी ‘क्रॅम इन्टू माउथ’.

‘कोंबले’ की ‘बसले’?

भाषांतर करताना सर्वात जास्त काळजी इथे घ्यावी लागते. इंग्रजीत आपणहून दाटीने बसलेल्यांसाठी ‘क्रॅम’ चालतं आणि दुसऱ्याने दाबून बसवलेल्यांसाठीही तेच चालतं. मराठीत तसं होत नाही. ‘कोंबणे’ म्हटलं की कोंबणारा कोणीतरी दुसरा आहे आणि ज्याला कोंबलं त्याची मर्जी विचारलेली नाही, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं.

म्हणूनच जनावरांच्या बेकायदा वाहतुकीच्या बातम्यांत ‘निर्दयतेने कोंबून’ हे शब्द हमखास असतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११नुसार, विनाकारण वेदना होतील अशा पद्धतीने जनावर वाहून नेणं गुन्हा आहे. बातमीतला ‘कोंबून’ हा शब्द नेमकं तेच सांगतो.

आता काळी-पिवळीचा विचार करा. ‘जीपमध्ये पंधरा प्रवासी दाटीवाटीने बसले होते’ आणि ‘जीपमध्ये पंधरा प्रवासी कोंबले होते’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘क्रॅम्ड’ येईल. मराठीत मात्र पहिल्या वाक्यात जबाबदारी प्रवाशांकडे झुकते, दुसऱ्यात गाडी चालवणाऱ्याकडे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-एनुसार, परवानगीपेक्षा जास्त प्रवासी नेल्यास प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. तो गाडी चालवणाऱ्याला किंवा तशी चालवू देणाऱ्याला होतो. शेवटची गाडी चुकू नये म्हणून कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या प्रवाशाला या कलमात दंड नाही.

म्हणून अपघाताच्या इंग्रजी बातमीत ‘क्रॅम्ड’ दिसलं, की भाषांतराआधी विचारा, माणसं स्वतः शिरली की कोणी भरली? उत्तर मिळाल्यावरच मराठी क्रियापद निवडा.

‘क्रॅम’ म्हणजे रट्टा मारणे का?

भारतातल्या शाळांत ‘डोन्ट क्रॅम, अंडरस्टँड’ असं शिक्षक सांगतात. तिथे ‘क्रॅम’चा अर्थ घोकंपट्टी असतो. भारतीय इंग्रजीत हा वापर रुळलेला आहे.

ब्रिटन-अमेरिकेत मात्र जोर घाईवर असतो. थोड्या वेळात खूप अभ्यास करणं म्हणजे क्रॅमिंग, मग तो समजून केलेला असो वा पाठ करून. रोज एक धडा वर्षभर घोकणारा मुलगा आपल्याकडे रट्टा मारतो, पण तिकडच्या अर्थाने तो ‘क्रॅम’ करत नाही. परदेशी विद्यापीठाच्या मुलाखतीत ‘आय डोन्ट क्रॅम’ म्हणाल, तर समोरचा समजेल की तुम्ही अभ्यास शेवटच्या रात्रीवर ठेवत नाही.

अभ्यासाचा हा अर्थ १९व्या शतकात ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या बोलीतून रुळला. १८५५पासून लंडनमध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि तिची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक व क्लास ‘क्रॅमर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जपानमधले ‘जुकु’ आणि दक्षिण कोरियातले ‘हागवॉन’ यांना इंग्रजीत आजही ‘क्रॅम स्कूल’ म्हणतात.

असा अभ्यास टिकतो का? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत खूप वेळा घोकण्यापेक्षा तीच उजळणी अनेक दिवसांत विभागली तर जास्त लक्षात राहतं, असं त्यांना आढळलं. पुढच्या अनेक अभ्यासांतही तेच दिसलं. एका रात्रीत भरलेलं सकाळच्या पेपरपुरतं कामी येऊ शकतं, पुढच्या परीक्षेपर्यंत मात्र त्यातलं बरंच निसटतं.

जवळचे शब्द, वेगळे अर्थ

स्टफ : आत भरणे. उशीत कापूस भरणं ‘स्टफ’, जागा अपुरी असायलाच हवी असं नाही.

पॅक : नीट रचून भरणे. घड्या घालून भरलेली बॅग ‘पॅक’ असते, घाईत कोंबलेली ‘क्रॅम’.

स्क्वीझ : दाबणे, पिळणे. लिंबू पिळण्यालाही हाच शब्द. ‘स्क्वीझ इन’ म्हणजे कशीबशी जागा किंवा वेळ काढून सामावून घेणे.

जॅम : इतकं घट्ट बसणे की हलता येत नाही. ट्रॅफिक जॅम त्यातूनच आला.

क्रॅम्प्ड : यात सर्वात जास्त गल्लत होते. खोली ‘क्रॅम्प्ड’ असणं म्हणजे ती मुळातच अडचणीची, कोंदट असणं. ‘क्रॅम्ड’ असणं म्हणजे ती खचाखच भरलेली असणं. रिकामी खोली क्रॅम्प्ड असू शकते, क्रॅम्ड नाही.

थोडक्यात

वस्तू असेल तर कोंबणे किंवा ठासून भरणे, माणसं आपणहून शिरली तर दाटीवाटीने बसणे, कोणी जबरदस्तीने भरली तर कोंबणे, वेळ असेल तर उरकणे आणि परीक्षा असेल तर ऐनवेळी धडाधड अभ्यास करणे. एका ‘क्रॅम’साठी मराठीला इतके शब्द लागतात, पण त्या बदल्यात कोणी, कोणाला आणि कोणाच्या मर्जीने भरलं, हे मराठी वाक्यात स्पष्ट होतं.