गाळणं आणि सोमल

बेळगावच्या आमच्या घरी आडाचं पाणी काढलं की सासूबाई आधी घागरीच्या तोंडावर दुहेरी गाळणं धरायच्या. गाळण्यावर राहिलेले जीव त्याच आडात परत सोडायचे, हा नियम. नवी सून म्हणून मला तो जाच वाटायचा.

पुढे वाचनात आलं की बांगलादेशातल्या खेड्यांत शास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी बायकांना जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं, आणि पटकी जवळपास निम्म्यानं कमी झाली. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. मला केवढा अभिमान वाटला! पण त्याच मुलखाची दुसरी गोष्ट वाचली आणि तो अभिमान जरा उतरला.

बंगालात पूर्वी तळ्यांचं पाणी पीत. हगवण, पटकीनं लेकरं दगावत. म्हणून १९७०च्या दशकापासून गावोगावी हातपंप बसले. युनिसेफनं मदत केली. पाणी कसं, आरशासारखं! बायकांची पायपीट वाचली. हेतूत काही खोट नव्हती.

पण हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेल्या गाळात आर्सेनिक होतं. आपल्या जुन्या बोलीतला सोमल तो याचाच. जमिनीखाली, जिथं हवा पोचत नाही, तिथं तो गाळातून सुटून पाण्यात उतरत होता. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. गाळण्यात तो अडकत नाही आणि उकळलं तरी जात नाही. उलट पाणी आटतं आणि तो तेवढाच राहतो.

१९८३च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे डाग, तळहात खरखरीत झालेले खेडूत येऊ लागले. मूळ निघालं पंपाच्या पाण्यात. बांगलादेशात ते १९९३ साली सापडलं. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. कित्येक पंपांत त्याच्या कितीतरी पट निघालं. त्याच पाण्यावर भात पिकायचा, म्हणजे सोमल ताटातही आला. लोक डागांना महारोग समजले. मुलींची लग्नं अडली, लग्न झालेल्यांना माहेरी धाडलं. जी घरासाठी पाणी भरायची, तिलाच घराबाहेर काढलं!

मग पंप तपासून रंगवले. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. डोळ्यांना न दिसणारं असं रंगानं दाखवावं लागलं.

आपला मुलूख वेगळा, जमीन वेगळी. पण आमचा आड केव्हाच बुजला. आता बोअर आहे आणि पाणी तसंच नितळ. गाळणं मी अजून बांधते, ते जीवदयेसाठी. मात्र गाळलं म्हणजे सगळं निर्मळ, हे आता म्हणवत नाही. यंदा पहिल्यांदाच पाणी तपासायला दिलं. प्रयोगशाळेतल्या मुलीनं बजावलं होतं, "काकू, न गाळता भरा हं." सासूबाईंच्या घरात न गाळलेलं पाणी बाटलीत भरताना माझा हात क्षणभर थबकला. मग भरलं.