सर्व्होचालकातील दोषसूचना

सर्व्होचालकातील दोषसूचना : ज्याच्या दंडाची स्थिती व वेग दिलेल्या आज्ञेप्रमाणे अचूक राखले जातात, अशा विद्युत् चलित्राला सर्व्हो चलित्र म्हणतात. त्याला शक्ती पुरविणारा इलेक्ट्रॉनीय चालक बिघाड जाणवताच चलित्राचा पुरवठा तोडतो आणि एक सांकेतिक क्रमांक दाखवितो. यालाच दोषसूचना म्हणतात. यांत्रिक हत्यारे, यंत्रमानव, वेष्टनयंत्रे इत्यादींमध्ये असे चालक वापरतात. बिघाड कोठे जाणवला एवढेच या क्रमांकावरून कळते; तो का झाला हे शोधावे लागते. दोषनिवारणाचे तंत्र या भेदावर आधारलेले आहे.

इतिहास : फ्रेंच अभियंते जोसेफ फार्को यांनी १८६८ च्या सुमारास वाफेच्या जहाजाचे सुकाणू फिरविण्यासाठी ‘सर्व्हो-मोटर’ योजले. सुकाणूवाल्याने लहान दांडा हलविला की वाफेचे एंजिन सुकाणू तेवढेच वळवी. अमेरिकन अभियंते एच. एल. हेझन यांनी १९३४ मध्ये या यंत्रणांची सैद्धांतिक मांडणी केली. अपेक्षित व प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक मोजून तो नियंत्रणासाठी परत वापरणे (पुनःप्रदाय) हे तिचे मूलतत्त्व होय. हा फरक मर्यादेबाहेर गेला की तोच बिघाडाचे लक्षण ठरतो. आजची ‘स्थिती-विचलन’ ही सूचना त्यातूनच आली आहे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ मध्ये संख्यात्मक नियंत्रणाचे चक्री कर्तनयंत्र दाखविण्यात आले. त्याचे नियंत्रण निर्वात नलिका व अभिचालित्रे यांवर चाले. अशा यंत्रणांत वितळतार वितळणे वा अभिचालित्र उघडणे हीच बिघाडाची मुख्य खूण असे. मग तंत्रज्ञ एकेक मंडल मोजून दोष शोधी. पुढे एकदिश प्रवाहाची चलित्रे रूढ झाली, पण त्यांचे ब्रश झिजत. जर्मनीत एफ. ब्लाश्के यांनी १९७१ च्या सुमारास मांडलेल्या चुंबकीय क्षेत्रानुसारी नियंत्रणामुळे ब्रशविरहित प्रत्यावर्ती चलित्रांचा मार्ग सुकर झाला. १९८० नंतरच्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक चालकात आले. प्रवाह, दाब, तापमान व स्थिती यांचे सतत मापन करून मर्यादाभंगाची नोंद ठेवणे त्यामुळे शक्य झाले.

प्रमुख सूचना : २३० व्होल्ट पुरवठ्याचे एकदिशीकरण केल्यावर धारित्रांत सु. ३२५ व्होल्ट दाब साठतो. जड भार थांबविताना चलित्र जनित्रासारखे वागते व दाब आणखी वाढवते. ही जादा ऊर्जा रोधकात उष्णतेच्या रूपाने घालवितात. अतिदाबाची सूचना फक्त वेग कमी होताना येत असेल, तर रोधक तुटलेला असण्याची वा थांबण्याचा काळ फार थोडा दिलेला असण्याची शक्यता असते. पुरवठा सुरू करताच आली, तर प्रथम मुख्य पुरवठा तपासावा लागतो. अतिभाराची सूचना बहुधा प्रवाह व काळ यांवरून काढलेल्या उष्णतेच्या अंदाजावर येते. तिचे मूळ कोरडा धारवा, अडकलेला स्क्रू किंवा न सुटलेला ब्रेक यांतही असू शकते. अतिप्रवाहाच्या वेळी चलित्राची तार चालकापासून सोडवून पाहतात. सूचना कायम राहिल्यास दोष बहुधा चालकातील अर्धसंवाहकांत असतो, नाहीशी झाल्यास तारेच्या वा चलित्राच्या निरोधनात. स्थितिसंवेदकाची सूचना येते तेव्हा सतत वाकणारी तार व सैल जोडणी प्रथम पाहतात. थोडक्यात, सूचना पुरवठा देताच, स्थिर असताना, वेग घेताना की थांबताना येते, हे क्रमांकाइतकेच महत्त्वाचे असते.

हे क्रमांक निर्मात्यागणिक बदलतात. अतिदाबाला मित्सुबिशीच्या एमआर-जे४ मालिकेत ३३, तर यास्कावाच्या सिग्मा-७ मालिकेत ४०० हा क्रमांक आहे. समान संकेतांसाठी आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. तथापि चालकाच्या पटलावर बहुधा निर्मात्याचाच क्रमांक दिसतो.

दक्षता : कारण न शोधता सूचना पुसून यंत्र पुनःपुन्हा चालविणे घातक ठरते. निरोधन गेलेल्या चलित्राला नवा चालक जोडल्यास तोही जळू शकतो. पुरवठा तोडल्यावरही धारित्रांत काही मिनिटे प्राणघातक दाब राहतो. म्हणून निर्मात्याने सांगितलेला काळ थांबून, दाब मोजल्याखेरीज आत हात घालू नये. उभ्या अक्षावरील भार चलित्राचा पुरवठा तुटताच केवळ ब्रेकवर राहतो. तो खालून टेकू देऊनच काम करावे लागते. दोषसूचना हा यंत्राने केलेला कामाचा खोळंबा नसून यंत्र व माणूस यांच्या रक्षणासाठी योजलेला थांबा होय.