बोटावरचा चिमटा

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये वैद्यकाची दालने पहिल्या मजल्यावर आहेत आणि उड्डाणाचे दालन तिसऱ्या मजल्यावर. ही मांडणी सोयीचीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण काही वस्तू मधल्या जिन्यातच ठेवायला हव्यात असे मला वाटते. प्राणवायूचा मुखवटा घ्या. वैमानिकाच्या तोंडावर होता तर तो वरच्या मजल्यावर जाणार, रोग्याच्या तोंडावर होता तर खालच्या. रबर तेच, नळी तीच, आणि तो लावायची वेळ आणणारी गोष्टही तीच.

विमानांच्या संग्रहालयात गर्दी असते ती विमानांभोवती. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या संग्रहालयातही मुले सी हॅरियरपाशी उभी राहून फोटो काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. माझे पाय मात्र तबकड्यांकडे वळतात. उंचीमापक हे मोठे गमतीचे यंत्र आहे. ते उंची मोजतच नाही. ते मोजते हवेचा दाब, म्हणजे आपल्या डोक्यावर किती हवा उरली आहे ते, आणि त्यावरून उंचीचा आकडा दाखवते. जुन्या काळी हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मांडत. डॉक्टर आपला रक्तदाब एकशे वीस-ऐंशी सांगतात तेव्हा तेही पाऱ्याचेच मिलिमीटर असतात. बलूनमधला पारा आणि दवाखान्यातला पारा ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. ती एकत्र आल्याचा एक दिवस इतिहासात नोंदलेला आहे, १५ एप्रिल १८७५.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास पॅरिसच्या ला व्हिएत गॅस कारखान्याच्या आवारातून ‘झेनिथ’ नावाचे बलून वर गेले. पाळण्यात तिघे होते. गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल. सिव्हेल दर्यावर्दी, दुसरे दोघे विज्ञानाचे उपासक. विक्रम करणे हा त्यांचा एकमेव उद्देश नव्हता. वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते मोजायचे होते, वर्णपटदर्शकातून बाष्पाचा शोध घ्यायचा होता. त्यासाठी पाळण्यात यंत्रांची दाटी होती. शिवाय एका पेटीत वायुदाबाच्या काही नळ्या मोहोरबंद करून दिल्या होत्या. बलून जास्तीत जास्त किती वर गेले याची साक्ष त्या नळ्या देणार होत्या. माणसाच्या शब्दावर विसंबायचे नाही, असा तो बंदोबस्त.

प्राणवायू मिसळलेल्या हवेच्या तीन पिशव्याही डोक्यावर टांगलेल्या होत्या. म्हणजे तिघांना धोका ठाऊक होता. नुसता ऐकून नव्हे, अनुभवाने ठाऊक होता. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने पॅरिसमध्ये लोखंडी पत्र्याच्या मोठ्या पिंपांची एक खोली केली होती. तिच्यातली हवा पंपाने काढून घेतली की आत बसलेला माणूस जमिनीवर असूनही पर्वतशिखरावर गेल्यासारखा होई. १८७४ च्या मार्चमध्ये क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल या खोलीत बसले होते. ओठ काळवंडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि प्राणवायूच्या दोन श्वासांनी पुन्हा जग उजळणे, हे सगळे त्यांनी तिथे अनुभवले होते. उंचीवरचा आजार हा हवेच्या विरळपणाचा यांत्रिक परिणाम नसून निव्वळ प्राणवायूच्या तुटवड्याचा आहे, हे बेरचे म्हणणे त्यांना पटलेले होते. तेव्हा बेर पॅरिसबाहेर होता. तुमचा प्राणवायूचा साठा तिघांना अगदी थोडा वेळ पुरेल, असा इशारा त्याने पत्राने दिला. ते पत्र आले तेव्हा तयारी बदलायला वेळ उरला नव्हता. मग असे ठरले, की प्राणवायू काटकसरीने, खरी गरज भासेल तेव्हाच घ्यायचा.

सगळा घात या ‘गरज भासेल तेव्हा’मध्ये आहे.

कारण गरज भासत नाही. तिसांदिएने पुढे लिहून ठेवले, की सात हजार मीटरच्या वर गेल्यावर त्याला त्रास असा झालाच नाही. उलट एक प्रकारचा आनंद वाटू लागला, जणू सगळीकडून प्रकाश येतो आहे. संकटाचा विचार मनातून निघून गेला. वर चाललो आहोत याचाच हर्ष. सिव्हेलने विचारले, वाळू टाकू का? दोघांनी होकार दिला. त्याने वाळूच्या तीन पिशव्यांच्या दोऱ्या कापल्या आणि बलून झपाट्याने वर गेले. तिसांदिएला प्राणवायूची नळी तोंडात धरायची होती, पण हात उचलेना. दाबमापक २८० वर आलेला त्याला दिसला. आठ हजार मीटर, असे ओरडावेसे वाटले, पण जीभ हलेना. मग डोळे मिटले.

मधे एकदा तो शुद्धीवर आला. बलून खाली येत होते. क्रोसे-स्पिनेलीही जागा झाला होता. त्याने खाली येण्याचा वेग थांबवायला म्हणून हवा शोषून घेणारे जड यंत्रच पाळण्याबाहेर फेकून दिले. बलून पुन्हा वर गेले. तिसांदिए दुसऱ्यांदा जागा झाला तेव्हा साडेतीन वाजले होते आणि त्याच्या पायाशी दोघे मित्र मरून पडले होते. चेहरे काळे, तोंडात रक्त. चारच्या सुमारास पाळणा सिरों गावाजवळ जमिनीला टेकला.

मोहोरबंद नळ्या सॉरबॉनच्या प्रयोगशाळेत उघडल्या. त्यांनी सुमारे २६२ मिलिमीटर दाखवले, म्हणजे साधारण ८,६०० मीटर. समुद्रसपाटीला ७६० असतात, तेव्हा तिथे हवा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरली होती. बलून किती वर गेले याची साक्ष पाऱ्याने चोख दिली. पण माणसाच्या रक्तात त्या घडीला काय चालले आहे, हे सांगणारी नळी पाळण्यात नव्हती, जगातच नव्हती. एक नोंद तेवढी होती. शुद्ध हरपता हरपता तिसांदिएने वहीत खरडलेल्या ओळी, ज्यांतले अक्षर वेडेवाकडे होत जेमतेम वाचण्यासारखे उरते.

पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांचे कांस्यशिल्प आहे. शेजारी शेजारी पडलेले, हातात हात. बेरने १८७८ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर व्हायला १९४३ साल उजाडले. तेव्हा युद्ध चालू होते आणि वैमानिक त्याच उंचीवर मरत होते.

मधल्या काळात एक धागा आपल्या बाजूला येतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या जॉर्ज ड्रायर याने ब्रिटिश वैमानिकांसाठी प्राणवायूचे यंत्र बनवले. त्याच्याकडेही बेरसारखी कमी दाबाची खोली होती. एव्हरेस्टला निघालेला रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फिंच याने त्या खोलीत बसून पाहिले आणि प्राणवायूचा कट्टर पुरस्कर्ता झाला. १९२२ मध्ये नळकांडी पाठीवर घेऊन तो सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचला, तोवर कोणीही चढले नव्हते इतका वर. अंगात कोट होता तो बलूनच्या कापडात पिसे भरून शिवलेला, त्यावरून सोबतचे लोक त्याची थट्टा करीत. प्राणवायू वापरणे म्हणजे फसवाफसवी, असे मानणारेही मोहिमेत होते. हा फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले, प्राणवायू घेऊन, तेव्हा ज्याचे म्हणणे तीस वर्षांनी खरे ठरले तो माणूस पुण्यात होता. पुणेकरांनी याचा फारसा गवगवा केलेला माझ्या तरी वाचनात नाही, आणि पुण्याच्या बाबतीत हे नवलच.

फिंचला १९२४ च्या मोहिमेतून वगळले गेले. त्या मोहिमेत प्राणवायूबद्दल आधी नाक मुरडणारा जॉर्ज मॅलरी स्वतःच नळकांडी घेऊन वर गेला आणि परतला नाही. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला, तेव्हा सोबतच्या वस्तूंत एक मोडका उंचीमापक होता. मॅलरीची थोरली मुलगी क्लेअर. तिचे लग्न झाले ग्लेन मिलिकन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाशी, आणि रक्तातला प्राणवायू त्वचा न टोचता मोजणाऱ्या यंत्राला ‘ऑक्सिमीटर’ हे नाव देणारा हाच मिलिकन. योगायोगांवर मी सहसा भाळत नाही. पण यावर थांबतो.

जर्मनीत कार्ल माथेसने अशा प्रकारचे यंत्र १९३५ च्या सुमारास केले होते. मिलिकनचे १९४० च्या दशकातले यंत्र हलके होते आणि वैमानिकांसाठी होते. कानाच्या पाळीला लावायचे. तत्त्व सोपे आहे. प्राणवायूने भरलेले रक्त लाल दिसते, रिकामे काळपट. पाळीतून तांबडा प्रकाश किती पार होतो ते मोजले की रक्ताचा रंग कळतो. ‘गरज भासेल तेव्हा’ हे ठरवायचे काम पहिल्यांदाच माणसाकडून काढून प्रकाशाकडे दिले गेले. १९४७ मध्ये मिलिकन डोंगरचढाईतल्या अपघातात गेला. क्लेअरचे वडीलही डोंगरात गेले होते आणि नवराही.

कानाच्या यंत्राची खोड ही, की पाळी तापवावी लागे आणि आकडा सारखा जुळवून घ्यावा लागे. ती खोड जपानच्या ताकुओ आओयागी यांनी काढली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते निहोन कोदेन कंपनीत वेगळ्याच मोजमापावर काम करत होते. नाडीच्या ठोक्यामुळे त्यांच्या आलेखात लाटा उठत आणि मोजणी बिघडे. लाटा घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले, की दर ठोक्याला बदलते ते फक्त रोहिणीतले रक्त. म्हणजे अडचण वाटत होती तीच लाट मोजायची. बोटावरच्या आजच्या चिमट्याचे मूळ हे. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोहोचू लागले होते त्या महिन्यात.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बेंगळुरूतल्या आमच्या इमारतीत एकच ऑक्सिमीटर चार घरांत फिरत होता. दुकानांत मिळत नव्हता. दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, पुढच्याने सॅनिटायझरने पुसून न्यायचा. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा शब्दकोडे सोडवत बसले होते आणि यंत्र ८४ दाखवत होते. “मला काय धाड भरलीय?” ते नातीला म्हणाले. “यंत्र बिघडलंय, चहा टाक.” आवाजात त्रास नव्हता, चक्क उत्साह होता. श्वास कोंडल्याची घुसमट होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. नुसता प्राणवायू कमी झाला तर शरीर पुष्कळदा गप्प बसते. डॉक्टरांना याचे तेव्हा कोडे पडले होते. तिसांदिएची हकीकत वाचलेल्याला पडले नसते. नातीने चहा टाकला नाही, रुग्णवाहिकेला फोन लावला. आजोबा सोळा दिवसांनी घरी आले.

पण चिमटाही सर्वांशी सारखा वागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या थेट तपासणीत आकडा ८८ च्या खाली निघाला, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के मोजण्यांत घडले आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. गडद कातडीही प्रकाश शोषते, आणि ती वजाबाकी यंत्रात नीट बसलेली नाही. हा चिमटा उद्या संग्रहालयात गेला तर फलकावर निर्माता, वर्ष आणि तत्त्व येईल. तो कोणाच्या बोटावर जुळवला होता, तेही यायला हवे.

आमच्या इमारतीतला ऑक्सिमीटर नंतर कुठे गेला कोणाला आठवत नाही. त्याच्याबरोबर फिरणारा पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद मात्र माझ्याकडे आहे. चार रकाने, चार घरे, सकाळ-दुपार-रात्र. अक्षरे वेगवेगळ्या हातांची, काही घाईची. आजोबांच्या रकान्यात ८४ आहे आणि पुढे नातीच्या अक्षरात ‘ॲडमिट’. तळमजल्यावरच्या बाईंच्या रकान्यात ९३, ९३, ९१, ९० असे स्वच्छ वळणदार आकडे आहेत. त्या शाळेत शिक्षिका होत्या. ९० च्या पुढे तो रकाना कोरा आहे.