कॉर्दोबाच्या गल्ल्यांतले दोन तत्त्वज्ञ

मंडळी, स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरात जुना ज्यू मोहल्ला आहे. पांढऱ्या भिंती, अरुंद गल्ल्या, फुलांच्या कुंड्या. इथे मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू गुण्यागोविंदाने नांदले, असं पर्यटकांना नेहमी सांगितलं जातं. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. ते कसं, ते आपण तिथल्याच दोन पुतळ्यांवरून पाहू.

तटाशी बसलेला तो इब्न रुश्द, जन्म ११२६. युरोप त्याला अव्हेरोज म्हणतो. मोहल्ल्याच्या आत आहे तो ज्यू पंडित मायमोनिडीझ, त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. दोघांचं गाव एक, दोघांचा अभ्यास ॲरिस्टॉटलचा आणि प्रश्नही एकच: धर्मवचन आणि बुद्धी यांचा मेळ कसा घालायचा? मायमोनिडीझने आपला तत्त्वज्ञानाचा मुख्य ग्रंथ लिहिला तो अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत! आता याहून मोठा सहवासाचा पुरावा कोणता हवा?

पण पुढे बघा. ११४८ मध्ये अल्मोहाद सत्ता आली. ज्यू आणि ख्रिश्चनांपुढे धर्म बदला नाहीतर निघा, असा पेच उभा राहिला. मायमोनिडीझचं कुटुंब बाहेर पडलं. तो शेवटी इजिप्तमध्ये वारला. इब्न रुश्द तर स्वतः मुसलमान, या शहराचा काझी, त्याच अल्मोहादांचा राजवैद्य. तरी ११९५ मध्ये त्यालाही हद्दपार केलं, त्याचे ग्रंथ जाळले.

१२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकलं. मोहल्ल्यातलं छोटं सिनेगॉग १३१५ चं, म्हणजे ख्रिस्ती अमलातलं. पण १३९१ मध्ये ज्यूंची कत्तल झाली आणि १४९२ मध्ये त्यांना स्पेनमधूनच घालवलं. सिनेगॉगमध्ये आधी पिसाळरोग्यांचं इस्पितळ, मग चांभारांच्या संघाचं प्रार्थनाघर झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंतीवरचा गिलावा निघाला, तेव्हा खालची हिब्रू अक्षरं दिसली. आणि हे दोन पुतळे? ते १९६० च्या दशकातले.

तेव्हा सहवास होता, पण तो राज्यकर्त्याच्या मर्जीवर होता, हक्काने नव्हता. मर्जी फिरली की काझीसुद्धा परका ठरत होता. म्हणून जुन्या वस्तीत फिरताना इथे कोण राहत होतं एवढंच विचारू नये. कोणत्या अटीवर राहत होतं, हेही विचारावं.

दोघांचे ग्रंथ मात्र टिकले. लॅटिनमध्ये गेले, थॉमस अक्वायनसने ते वाचले. ते काम केलं भाषांतरकारांनी. त्यांच्याविषयी पुढच्या वेळी बोलू.