युग्मताऱ्यांच्या वर्गीकरणाचा प्रश्न : अल्गोल आणि बीटा लायरी

ययाति तारकासमूहातील अल्गोल हा तारा अधूनमधून मंदावतो, ही गोष्ट इटलीतील मोंतानारी याने सतराव्या शतकातच नोंदविली होती. मात्र त्यातील नियमितता सिद्ध केली ती यॉर्क येथील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने. १७८२ च्या नोव्हेंबरपासून शेजारच्या ताऱ्यांशी तेजाची तुलना करीत त्याने सुमारे २ दिवस २१ तासांचा आवर्तनकाल निश्चित केला. एखादा मोठा पिंड ताऱ्याभोवती फिरत असावा किंवा ताऱ्यावर डाग असावेत, असे दोन तर्क त्याने १७८३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. पहिला तर्क खरा होता. परंतु पॉट्सडॅमच्या फोगेल यांनी वर्णपटरेषांच्या विस्थापनावरून तो सिद्ध केला १८८९ मध्ये. गुडरिक १७८६ मध्येच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, निवर्तला होता.

पुढे तेजवक्राच्या आकारावरून ग्रहणकारी युग्मताऱ्यांचे अल्गोल, बीटा लायरी व डब्ल्यू अर्सी मेजॉरिस असे तीन प्रकार रूढ झाले. निरीक्षकास ते सोयीचे होते, पण तेजवक्र म्हणजे केवळ बाह्य लक्षण. अल्गोलच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवली. अधिक वस्तुमानाचा तारा लवकर वृद्ध होतो, हा उत्क्रांतीचा नियम. येथे मात्र सूर्याच्या सुमारे ०.७ पट वस्तुमानाचा तारा फुगलेला आणि ३ पटींहून जड असलेला सोबती अद्याप तरुण!

झ्देनेक कोपाल यांनी १९५५ मध्ये वर्गीकरणाचा पायाच बदलला. ताऱ्याने आपली रोश मर्यादा, म्हणजे ज्यापलीकडील द्रव्य त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या ताब्यात राहत नाही ती सीमा, भरली आहे किंवा नाही यावरून त्यांनी विलग, अर्धविलग व संलग्न असे गट पाडले. अर्धविलग जोड्यांत मर्यादा भरणारा तारा हा कमी वस्तुमानाचाच असतो, असे दिसले. त्याच वर्षी क्रॉफर्ड यांनी सुचविले, की हा तारा मुळात अधिक जड होता. त्याचे द्रव्य सोबत्याकडे गेले. कोडे सुटले ते असे.

गुडरिकनेच १७८४ मध्ये नोंदविलेला स्वरमंडलातील बीटा लायरी हा तर द्रव्य वाहत असतानाच दिसणारा तारा होय. ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९४१ मध्ये त्यातील वायुप्रवाहांचे विवेचन केले. त्याचा सुमारे १२.९ दिवसांचा आवर्तनकाल दरवर्षी जवळपास १९ सेकंदांनी वाढतो. २००८ मध्ये माउंट विल्सनवरील व्यतिकरणमापकाने द्रव्य देणारा ताणलेला तारा आणि त्याचे द्रव्य सामावणारी चकती यांची प्रतिमा मिळविली. ते द्रव्य स्वीकारणारा जड तारा मात्र त्या चकतीआडच राहिला.