सनद आणि स्त्रिया : मध्ययुगीन दमास्कसमधील हदीस-परंपरा

मराठीत 'सनद' म्हटले की वतनाचा कागद किंवा वकिलीचा परवाना डोळ्यांपुढे येतो. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ टेकू, आधार असा आहे. हदीसशास्त्रात तो एका विशिष्ट आधाराला लावतात : पैगंबरांचे अमुक वचन कोणी कोणाकडून ऐकले, याची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी म्हणजे सनद. या साखळीत स्त्रियांचीही नावे येतात, याकडे गोल्डझीहर याने १८९० सालीच लक्ष वेधले होते. २०२१ साली मुहंमद अक्रम नदवी यांचा अरबी चरित्रकोश ४३ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात अशा सुमारे दहा हजार स्त्रियांची नोंद आहे. तेव्हा अशा स्त्रिया होत्या की नाही, हा वाद आता उरलेला नाही. त्यांना हे स्थान कशामुळे मिळाले व त्याची मर्यादा कोठे होती, हा प्रश्न मात्र उरतो.

सनदेची भाषा या बाबतीत बोलकी आहे. 'अख्बरना' म्हणजे 'त्याने आम्हांस सांगितले'. सांगणारी स्त्री असल्यास 'अख्बरत्‌ना'. (आपली 'खबर' याच धातूची.) 'म्हणाला' आणि 'म्हणाली' यांत जेवढे अंतर, तेवढेच हे. न्यायालयातील साक्षीच्या बाबतीत शास्त्रकारांनी स्त्री-पुरुषांत भेद केला. हदीसकथनाच्या बाबतीत तो केला नाही. पैगंबरांची पत्नी आयेशा (मृत्यू इ. स. ६७८) हिच्या नावावर २,२१० हदीस आहेत, ही वस्तुस्थिती त्या नियमाच्या मुळाशी होती.

असे असूनही आरंभीच्या पिढ्यांनंतर दोन-अडीच शतके स्त्रियांची नावे विरळ होतात. हदीस गोळा करण्यासाठी त्या काळी दूरचे प्रवास करावे लागत, अनेक गुरूंच्या सान्निध्यात राहावे लागे आणि कथनांची चिकित्सा करावी लागे. स्त्रीला हे सोपे नव्हते. पुढे बुखारी (मृत्यू ८७०) आदींचे संग्रह प्रमाण ठरले व काम पालटले. आता सिद्ध ग्रंथ अधिकृत मुखातून ऐकणे व ऐकविणे याला महत्त्व आले, आणि ते घरी बसूनही होऊ शकत होते. मर्वची करीमा ही या नव्या काळातील पहिली मोठी स्त्री. बुखारीचा संग्रह तिने कुश्मीहनी याच्याकडून ऐकला आणि मक्केत अनेकांस ऐकविला. बगदादचा इतिहासकार खतीब याने हजच्या वेळी तो संपूर्ण ग्रंथ पाच दिवसांत तिच्यापुढे वाचला, असे चरित्रकार सांगतात. शिष्याची प्रत आपल्या मूळ प्रतीशी ताडून पाहण्याविषयी ती दक्ष असे. हे काम केवळ पाठांतराचे नव्हते, पाठचिकित्सेचेही होते.

दमास्कसजवळ कासियून डोंगराच्या उतारावर सालिहिय्या नावाची वस्ती होती. पॅलेस्टाइनमधून आलेली हंबली पंथाची घराणी बाराव्या शतकात तेथे स्थिरावली. या घराण्यांत मूल पाळण्यात असतानाच त्याच्या नावे वृद्ध गुरूंकडून इजाजत, म्हणजे ग्रंथ पुढे सांगण्याचा परवाना, मिळविण्याची चाल होती. मूल काहीच शिकलेले नसे, मग परवान्याला अर्थ काय, असे आजच्या वाचकास वाटेल. अर्थ होता तो गणिताचा. ऐंशी वर्षांचा गुरू आणि एक वर्षाची शिष्या अशी जोडी जमली आणि ती शिष्या नव्वद वर्षे जगली, तर दीड शतकाहून अधिक काळ दोनच कड्यांत सामावतो. कड्या जितक्या कमी, तितकी सनद 'उंच', अशी त्या विद्येची धारणा होती.

झैनब बिन्त अल्-कमाल (१२४८–१३३९) हिचे चरित्र या गणिताचेच फळ होय. बगदादच्या अजीबा नावाच्या विदुषीची इजाजत तिला मिळाली. अजीबा १२४९ साली वारली, त्या वेळी झैनब जेमतेम वर्षाची होती. झैनब अविवाहित राहिली. उतारवयात तिच्यापुढे दिवसाचा बराच भाग वाचन चाले. १३२६ साली दमास्कसला आलेला इब्न बतूता तिच्या इजाजतीचा उल्लेख अभिमानाने करतो. ती वारली तेव्हा उंटाच्या ओझ्याइतक्या हदीससाहित्यात लोक एक पायरी खाली आले, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. एका स्त्रीच्या मृत्यूने साऱ्या विद्वत्समाजाची सनद एका कडीने लांबली, हा तिचा अर्थ. याच शहरातील आयेशा बिन्त अब्दुल्‌हादी १४१३ साली वारली. बुखारी आणि ती यांच्यात ५४३ वर्षांचे अंतर, पण मधल्या कड्या अवघ्या सहा. तिचा गुरू हज्जार हा दगडकाम करणारा होता. विद्वान म्हणून नव्हे, तर दीर्घायुषी श्रोता म्हणून तो पूज्य ठरला. म्हणजे वयाची ही प्रतिष्ठा स्त्रियांपुरती नव्हती.

मर्यादा येथेच दिसते. रबीआ खातून या सलाहुद्दीनाच्या बहिणीने सालिहिय्यात हंबली पंथासाठी मदरसा बांधला आणि त्यास अमतुल्लतीफ या विदुषीची प्रेरणा होती. पण तेथील अध्यापकपद पुरुषांकडेच राहिले. धर्मनिर्णय देणारी फातिमा समरकंदी हिच्यासारखी स्त्री अपवादात्मकच. जेथे विद्या स्मरण व विश्वास यांवर उभी होती तेथे स्त्रीला मान होता. जेथे विद्येतून पद व वेतन मिळे, तेथे ती क्वचितच पोचली. म्हणून या इतिहासात समानतेचा पुरावा शोधणारे आणि त्याला निव्वळ शोभा मानणारे, दोघेही घाई करतात.

सखावी (मृत्यू १४९७) याने आपल्या कोशाचा बारावा खंड स्त्रियांना दिला. त्यात हजाराहून अधिक नावे आहेत. पुढच्या शतकाचा कोश रचणाऱ्या गझ्झीजवळ मात्र ती अगदी मोजकी उरतात. उस्मानी राजवटीत विद्वानांची वाट अधिकाधिक राज्याच्या न्यायखात्यातून व मदरशांच्या पदांतून जाऊ लागली होती आणि तेथे पाळण्यातल्या इजाजतीचे मोल उरले नव्हते.