हिटलर उतरला असता आणि हरला असता, तर?

वाचकहो, 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' असं म्हणून आपण जर-तरचा इतिहास हसण्यावारी नेतो. तरीही पानिपताचा विषय निघाला की जर-तर केल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. आज इंग्लंडचं एक जर-तर पाहू.

१७ सप्टेंबर १९४० रोजी हिटलरने ब्रिटनवरची स्वारी बेमुदत पुढे ढकलली. समजा, त्याचं सैन्य केंटच्या किनाऱ्यावर उतरलंच असतं, तर? १९७४ साली सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत हा डाव नकाशावर खेळून पाहिला गेला. ब्रिटिश आरमाराने रसद तोडली आणि जर्मन हरले.

मग हिंदुस्थानचं काय झालं असतं? ८ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन संकटात, व्हाइसरॉय लिनलिथगोंनी युद्धानंतर वसाहतीच्या स्वराज्याचं मोघम आश्वासन दिलं. सिंगापूर आणि रंगून पडल्यावर, मार्च १९४२ मध्ये, क्रिप्स दिल्लीला आले. म्हणजे अडचणीत सापडल्यावरच लंडनची मूठ थोडी सैल झाली. केंटमध्ये मोठा विजय मिळाला असता, तर चर्चिल अधिकच ताठ झाले असते, असं मला वाटतं.

पण स्वारी बारगळल्यावर बरोबर एका महिन्याने, १७ ऑक्टोबरला, विनोबांनी वर्ध्याजवळ पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. केंटमध्ये काहीही घडलं असतं, तरी ते उभे राहिलेच असते. स्वातंत्र्य कुणाच्या मेहेरबानीवर थांबलं नव्हतं.

नॉटिंगहॅमच्या मुलामुलींनो, शाळेत 'बॅटल ऑफ ब्रिटन' शिकाल, तेव्हा वहीच्या समासात पवनारही लिहून ठेवा.